सासूबाईंची निर्जळी

१६ एप्रिल १९६२

ही डायरी यांच्या विमा कचेरीतली. मोठ्या गिऱ्हाइकांना जानेवारीत वाटायची असते. एप्रिल अर्धा सरला तरी एक उरली, म्हणून ती बायकोला मिळाली. प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुवचन छापलं आहे. आजचं आहे, 'संकट कळवून येत नाही.' साफ खोटं. आमचं आज सकाळी तारेने कळवून आलं.

तार मिरजेच्या भावजींची. 'आई येत आहे. हवापालट. पत्र मागाहून.' मिरजेहून जयपूरला हवापालट, तोही एप्रिलात! वसंतराव भावजींचे भूगोलाचे मास्तर हयात असतील तर त्यांना ही तार दाखवायला हवी. इथे चौकातल्या फरशीवर दुपारी पापड भाजून निघेल.

हे म्हणाले, "आईला आपली आठवण झाली असेल." आम्ही नऊ वर्षं जयपुरात आहोत. आठवण एवढी सावकाश होते हे मला माहीत नव्हतं.

वही कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं ते सगळं लिहायचं ठरवलं आहे. सगळं म्हणजे लिहिण्याजोगं सगळं.

२० एप्रिल

आल्या. मिरजेपासून जयपूरपर्यंत पाण्याचा थेंब घेतलेला नाही. "रेल्वेत कसलं आलंय सोवळं," म्हणाल्या. ओठ सुकून गेले होते, पण सोवळं शाबूत होतं.

टांग्यातून उतरून उंबरठा ओलांडला आणि पहिला प्रश्न, "रत्ना, परसाकडची सोय कुठे?" नातीचं तोंड पाहायच्या आधी संडास पाहणारी आजी मी प्रथमच पाहिली. वासंती बिचारी वाकून नमस्कार करायला उभी होती, ती उभीच. संडास चौकाच्या पार पलीकडे आहे. तो पाहून त्यांचा चेहरा असा पडला की जणू मीच मुद्दाम तिकडे नेऊन बांधला.

रस्त्यावरची हवेशीर खोली मी त्यांच्यासाठी लावून ठेवली होती. चादर सांगानेरी छापाची, नवी. ती त्यांना नको. संडासाजवळची कोठी हवी, जिथे बाजरीची पोती आणि लोणच्याच्या बरण्या असतात. आता आल्यागेल्याला काय सांगायचं? मोठ्या सुनेने सासूला अडगळीत टाकलं! पण हट्ट म्हणजे हट्ट. खाट तिकडे हलवली.

रात्री माझ्या पातळाकडे पाहून म्हणाल्या, "अजून गोलच नेसतेस?" वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आले तेव्हाही हेच म्हणाल्या होत्या. त्या स्वतः जन्मभर नऊवारीला कासोटा घालणार. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

२८ एप्रिल

सासूबाईंचे उपवास येणेप्रमाणे: सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी आणि दोन्ही प्रदोष. उरलेल्या दिवशी पोट जड असतं. आणि उपवास साधासुधा नाही, निर्जळी. मिरजेला शनिवारी साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेणारी बाई ती हीच.

काल वाळा घातलेलं माठातलं पाणी घेऊन गेले. म्हणाल्या, "नको." दुपारी पन्हं नेलं. "नको." संध्याकाळी ताक. "तिथे ठेव." ते सकाळी तुळशीत ओतलेलं दिसलं. माझी तुळस ताकावर वाढते आहे.

मला काही कळत नाही असं नाही. माझ्या हातचं पाणी चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नळाचं पाणी, गोल पातळ, कामाला धापूबाई, म्हणजे मी ओवळी. तोंडाने बोलायचं नाही, तांब्या मात्र पालथा घालायचा.

वासंती म्हणाली, "आजी, मतलब तुम्ही पाणीच नाही पिणार? लू लागेल ना!" तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "देवाचं असतं बाळ." देवाला माझ्याशी काय वैर आहे कोण जाणे.

७ मे

कालपासून सगळं जयपूर छतावर झोपायला लागलं. आमच्याही खाटा वर गेल्या. माहेश्वऱ्यांचं छत इकडे, शर्मांचं तिकडे, मध्ये हातभर उंचीची भिंत. कोण किती घोरतो हे सगळ्या गल्लीला पाठ आहे. सासूबाई वर यायला तयार नाहीत. खाली कोठीत, दार लावून. वारा नाही, खिडकी वीतभर. ह्यांनी दोनदा आग्रह केला. "परपुरुषांच्या शेजारी झोपू होय?" म्हणाल्या. परपुरुष म्हणजे पलीकडच्या छतावरचे ऐंशी वर्षांचे शर्माजी, ज्यांना स्वतःची खाट हाताने चाचपून शोधावी लागते.

पहाटे साडेतीनला स्नान, त्याच वेळी धुणं. खाली बादलीचा आवाज होतो आणि माझी झोप मोडते. कोठीत कापूर, उदबत्ती, धूप. आत गेलं की गाभाऱ्यात शिरल्यासारखं वाटतं. एवढी भक्ती मिरजेला कधी पाहिली नव्हती. हवापालटाचा गुण असावा.

१५ मे

काल काळीपिवळी आंधी आली. घरभर बोटभर रेती. मला आंधी सोसत नाही. नाकात धूळ गेली की शिंकांची माळ लागते. मग भिंत धरून, पाय जुळवून उभं राहावं लागतं आणि नंतर खोलीत जाऊन पातळ बदलावं लागतं. धुळीने मळतं.

भिंत धरून उभी होते तर सासूबाई कोठीच्या दारातून माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. सुनेच्या शिंकेतही काही उणं काढता येईल का, हे बघत असाव्यात.

यांच्या कचेरीतल्या बायकांनी क्लबात बॅडमिंटन सुरू केलं आहे. मला बोलावतात. मी गुण मोजते. उड्या मारण्याचं माझं वय राहिलं नाही. एकोणचाळीस म्हणजे काही थोडं नव्हे.

२२ मे

आज उलगडा झाला.

लोणच्याची बरणी काढायला कोठीत गेले. सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या. खाटेखाली त्यांची ट्रंक, ट्रंकेमागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बोचकं. सोडलं, तर जुन्या लुगड्याचे फाडलेले तुकडे, ओले. वास यायचा तो आलाच. माझ्या कैरीच्या बरणीपासून वीतभर अंतरावर! गादी उलटून पाहिली. त्यावर नकाशे. कापूर कशाला, उदबत्ती कशाला, पहाटे साडेतीनला गंगास्नान कशाला, सगळं एका क्षणात समजलं.

मागे वळले तर त्या दारात, ओलेत्याने. म्हणाल्या, "तांब्या सांडला."

मी म्हटलं, "जी बाई थेंब पाणी पीत नाही तिचा तांब्या सांडतो कसा?"

हे मी मोठ्याने म्हटलं. चौकात धापूबाई भांडी घासत होती, तिचा हात थांबला. सासूबाई आत आल्या. खाली बसल्या आणि बोचक्याची गाठ परत बांधायला लागल्या. गाठ काही बसेना.

वीस वर्षांत प्रथमच मी जिंकले. जेवण गेलं नाही, ते उकाड्याने.

२४ मे

'पत्र मागाहून' ते आज आलं. वसंतराव भावजी लिहितात, 'आईची थोडी अडचण आहे, ती तुमच्या लक्षात येईलच. इकडे सौ.ची प्रकृती तोळामासा असल्याने...' अडचण म्हणे! झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ मिरजेला झाकली आणि आमच्या जयपुरात आणून उघडली.

ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, "हे तुम्हां बायकांचं. तूच बघ." माणूस मेल्यावर काय करायचं हे यांना तोंडपाठ आहे. जिवंत माणसाचं काय करायचं, त्याचा फॉर्म कचेरीत छापलेला नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि जयपुरात उंटांना काय तोटा?

मी विचार करकरून एका निष्कर्षाला आले. पाणी पीत नाहीत, तरी अंथरूण ओलं. म्हणजे मुद्दाम. दुसरं कारणच संभवत नाही.

धापूबाई आज जाताना म्हणाली, "बहूजी, माजी पाणी सूं डरै छै." काय बोलते कोण जाणे. पाण्याला घाबरायला त्या काय मांजर आहेत?

३ जून

व्यवस्था लावली. गादी काढून घेतली, रोज कोण वाळवणार? नुसत्या खाटेवर चटई. सांगानेरी चादर पेटीत. संध्याकाळनंतर कोठीत पाणी ठेवायचंच नाही असं ठरवलं, पण ते ठरवायची गरजच नव्हती. वासंतीला आजीच्या खाटेवर बसू नकोस म्हणून सांगितलं. तिने विचारलं, "क्यों?" उत्तर म्हणून एक धपाटा घातला.

नाशिकला निराधार वृद्ध स्त्रियांसाठी एक आश्रम आहे. गोदाकाठ, कथा, पुराण. सूचना माझीच. हे दोन दिवसांनी म्हणाले, "माहिती मागवायला काय हरकत आहे?" माहिती मागवण्यात यांचा हात कुणी धरणार नाही. कार्ड मी लिहिलं, पत्ता यांच्या कचेरीचा दिला.

सासूबाई तक्रार करत नाहीत. ही त्यांची सगळ्यांत वाईट खोड. भांडल्या असत्या तर मलाही काही बोलता आलं असतं.

१३ जून

आज इथली निर्जला एकादशी. शेजारणीकडून हे कळल्यापासून सासूबाई आठवडाभर खूश होत्या. एवढ्या उन्हात सगळं शहरच पाणी सोडतं म्हटल्यावर त्यांना कुणी पी म्हणून म्हणणार नव्हतं. गंमत अशी की आज इथे स्वतः प्यायचं नाही आणि दुसऱ्याला पाजायचं. चांदपोल बाजारात पावला-पावलावर सरबताची पिंपं, नवे माठ, पंखे. वाटसरूचा हात धरून धरून पाजत होते.

दुपारी वासंती किंचाळली. सासूबाई चौकात पडल्या होत्या, संडासाच्या वाटेवर, तापलेल्या फरशीवर. अंग निखारा. लुगडं भिजलेलं, आणि कासोट्याची गाठ अर्धवट सुटलेली हातात घट्ट धरून ठेवलेली.

मी आणि धापूबाईने उचललं. डोळे उघडले, पण मला ओळखेनात. माझा पदर धरला आणि म्हणाल्या, "सासूबाई, चुकलं. मी पुसते फरशी. यांना सांगू नका."

तीन वेळा म्हणाल्या. मला म्हणाल्या.

आज आणखी काही लिहवत नाही.

१५ जून

माथुर डॉक्टरीणबाई दोन दिवस येताहेत. बुटक्या, चष्मेवाल्या, आणि जीभ अशी की माझी तिच्यापुढे दुधाची साय. पहिल्याच दिवशी विचारलं, "दिवसाला पाणी किती देता?" मी उपवासांची यादी सांगितली. त्या म्हणाल्या, "बहोत अच्छा. आणि अन्न कधी बंद करणार?"

मग समजावलं. पाणी कमी केलं की लघवी दाट होते, आतून चरचरते, पिशवीला चैन पडत नाही, ती थेंबभर साचलं तरी ढकलते. शिवाय आत जंतू माजतात, ताप चढतो, माणूस बरळतो. म्हणजे पाणी तोडल्याने अंथरूण कोरडं राहत नाही, उलट जास्त भिजतं. मी म्हटलं, "पण त्या मुद्दाम..." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी वाक्य तिथेच सोडलं.

गोळ्या दिल्या आहेत. साखरेसाठी तपासणी केली, ती नाही. बद्धकोष्ठ आहे, त्यानेही पिशवीवर दाब येतो, म्हणून रात्री इसबगोल. जाताना विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास? मुलं झाल्यावर, खोकताना, शिंकताना?" मी म्हटलं, "छे."

दोन महिने मी समजत होते की सासूबाईंना माझ्या हातचं पाणी चालत नाही. त्यांना कुणाच्याच हातचं चालत नव्हतं. मिरजेला काय ऐकलं असेल, आणि प्रवासात दोन दिवस कसे काढले असतील? माझा अपमान करायला एवढं तहानेलं राहायची कुणाला हौस आहे? मला लाज वाटते, आणि लाजेचं काय करायचं हे डायरीच्या तळाशी छापलेलं नाही. आजचं सुवचन आहे, 'वेळीच काळजी घ्या.'

२३ जून

नवं राज्य सुरू झालं आहे. राज्यघटना माथुरबाईंची, अंमलबजावणी माझी.

कलम पहिलं, पाणी. सकाळपासून दर थोड्या वेळाने एक फुलपात्र, संध्याकाळी सातनंतर फक्त घोटभर. चहा दोनच वेळा. पहिलं फुलपात्र मी तोंडाशी नेलं तेव्हा सासूबाईंनी ते हाताने मागे सारलं. "सांडेल गं," म्हणाल्या. मी म्हटलं, "सांडू दे. फरशी आहे, धुऊ." प्यायल्या. मग आणखी मागितलं. मला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं.

कलम दुसरं, घड्याळ. लागो न लागो, दर दोन तासांनी जायचं. लागल्यावर धावायचं नाही, लागायच्या आधीच जायचं. यांचं गजराचं घड्याळ कोठीत ठेवलं आहे. नाही, कोठीत नाही. खाट रस्त्यावरच्या हवेशीर खोलीत आणली, गादीसकट, सांगानेरी चादरीसकट. गादीवर रबरी कापड, त्यावर जुन्या धोतराची चौघडी. यांची कचेरीसाठी उठण्याची वेळ चुकते. चुकू दे.

कलम तिसरं, खुर्ची. चौक ओलांडेपर्यंत उशीर होतो, म्हणून खोलीतच सोय हवी. हातांची जुनी खुर्ची घेऊन खातीकडे, म्हणजे सुताराकडे गेले. बैठकीला गोल भोक पाडायचं, खाली एनॅमलचं भांडं बसेल असं. त्याने खुर्चीच्या हातांवरून तळवा फिरवला. मग म्हणाला, "बाईसा, इतनी अच्छी कुर्सी!" मी म्हटलं, "भैया, आणखी चांगली करायची आहे." त्याने कडा अशी घासून गुळगुळीत केली आहे की लेकीच्या लग्नाचा पाट असावा.

कलम चौथं अडलं. कासोटा. तो सोडेपर्यंत सगळं होऊन जातं. माथुरबाई म्हणाल्या, दुसरं काही नेसायला द्या. मी गोल पातळ आणि परकर घेऊन गेले तेव्हा मला वाटलं, आता महायुद्ध. सासूबाईंनी पातळ हातात घेतलं, उलटसुलट केलं. म्हणाल्या, "देवळात जाताना कासोटाच घालीन." मग थोड्या वेळाने, "बरं असतं गं हे. वारा लागतो." वीस वर्षं मी हेच तर म्हणत होते!

५ जुलै

सगळं सुरळीत आहे असं लिहिलं तर खोटं होईल. गेल्या आठवड्यात चार वेळा भिजलं. मंगळवारी मी चिडले. खुर्ची हातभर अंतरावर असून! तोंडून शब्द गेलाच, "जरा आधी सांगायला काय होतं?" मग दिवसभर त्यांनी पाणी घेतलं नाही. एका वाक्याने आठ दिवसांचं काम पाण्यात. पाण्यात गेलं असतं तरी बरं होतं.

संध्याकाळी मी जाऊन बसले आणि म्हटलं, "आई, माझं चुकलं." असं मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आण ते फुलपात्र."

आत घ्यायच्या घड्या मी शिवते. मऊ जुनं सुती आणि मध्ये पिंजलेला कापूस. माझ्याकडे तशा शिवलेल्या थोड्या होत्याच, त्याच आधी दिल्या. सासूबाईंनी एक घडी उलटून पाहिली, शिवण पाहिली. "हात बसलाय तुझा," म्हणाल्या. घड्या बदलताना अंग धुऊन कोरडं करून खोबरेल लावायचं, नाहीतर कातडी सोलते. तेही आता त्या मला करू देतात. आधी तोंड भिंतीकडे करायच्या. आता वासंतीच्या शाळेबद्दल बोलतात.

माथुरबाईंनी एक व्यायामही दिला आहे. लघवी मध्येच थांबवताना जे आवळतो, ते एरवी बसल्या बसल्या आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं. दिवसातून तीन वेळा. सासूबाई जपमाळेवर मोजतात. मी म्हटलं, "अहो, देवाची माळ!" तर म्हणाल्या, "सैल त्यानेच केलं, मोजायला त्याची माळ नको होय?"

हे रोज कचेरीतून आल्यावर दारातून विचारतात, "आई कशी आहे?" दाराच्या आत पाऊल नाही. चौकशी मात्र अगदी वेळच्या वेळी.

१२ जुलै

नाशिकचा फॉर्म आला.

मी तो आश्रम विसरूनच गेले होते. हे विसरले नव्हते. कचेरीच्या पत्त्यावर मागवला होता. त्यांनी तो जेवताना ताटाशेजारी ठेवला, हात धुतला आणि म्हणाले, "आता तुला रोज हे किती दिवस जमणार? मला तुझीच काळजी वाटते." आणि गेले कचेरीत. माझी काळजी वाटून घरातलं एक भांडं तरी यांनी विसळलं असतं!

मी फॉर्म उचलायच्या आत सासूबाई बाहेर आल्या. चष्मा लावला. मोठ्याने वाचायला लागल्या. चौथी यत्ता शिकलेली बाई, अक्षर न् अक्षर लावून वाचते. "नाव. वय. वैधव्याचं वर्ष. उपवासाचं चालतं का." तिथे जरा हसल्या. मग पुढचं वाचलं, "अर्जदार स्त्री स्वतःची शुचिता स्वतः राखू शकते काय? नसल्यास अर्ज करू नये."

मी उभी. कार्ड माझ्याच हातचं होतं. नेमकी त्याच वेळी बाहेरून धुळीचा लोट आला आणि मला शिंक आली. एक, दोन, तीन. मी भिंत धरली, पाय जुळवले.

सासूबाईंनी फॉर्मची नीट चार पदरी घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"हा जपून ठेव," म्हणाल्या. "वीस वर्षांनी तुझ्या सुनेला शोधाशोध नको."

मी भिंत सोडली नाही. त्या जवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "कितव्या बाळंतपणापासून?"

"वासंतीच्या," मी म्हटलं. चौदा वर्षांत हे मी ना नवऱ्याला सांगितलं, ना आईला, ना डॉक्टरीणबाईंना, ना या वहीला.

"माझं उमाकांतच्या, तुझ्या नवऱ्याच्याच वेळेपासून," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूने सगळ्या आळीत सांगितलं होतं. तुला पहिल्यांदा भिंत धरताना पाहिलं तेव्हाच कळलं. म्हटलं, ही बोलेल तेव्हा बोलू. जा, पातळ बदलून ये. मग इथे बैस. दहा मोजायचे, श्वास धरायचा नाही."

मी पातळ बदलून आले. त्यांनी माळेचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो आणि मोजत राहिलो. मी रडत होते, त्यामुळे माझे आकडे चुकत होते. त्यांचे नाही चुकले.

४ सप्टेंबर

काल महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला सासूबाई आल्या. निघताना खुर्ची, तिथे पोचल्यावर एकदा, आरतीच्या आधी एकदा. पिशवीत दोन घड्या आणि एक परकर. कासोटा घालूनच आल्या, आणि तीन तास कोरड्या राहिल्या. आरती खड्या आवाजात म्हटली. महिनाभरात दोनदाच भिजलं आहे, आणि दोन्ही वेळा त्यांनीच सांगितलं, "रत्ना, झालं गं." घरात आता ती बातमी नसते, नुसतं काम असतं.

मीही मंडळात काल शिंकले. भिंत जवळ नव्हती. नाही म्हटलं तरी थोडं झालंच, पण पूर्वीइतकं नाही. माथुरबाईंना परवा खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जूनमध्ये विचारलं तेव्हाच 'छे' ऐवजी 'हो' म्हणाला असतात तर अडीच महिने वाचले असते."

हे मंडळात सगळ्यांना सांगत होते, "आईला इथली हवा मानवली." लोक यांचं कौतुक करत होते. वृद्ध आईची एवढी सेवा हल्ली कोण करतो! यांनी नम्रपणे मान लववली. सासूबाई माझ्याकडे पाहून डोळे मिचकावतील असं मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं.

फॉर्म माझ्या ट्रंकेत आहे, चार पदरी घडी, कोरा. आज काढून पुन्हा वाचला. मग पुण्याला शिकणाऱ्या आमच्या मुलाला, दिलीपला, पत्र लिहिलं. दिवाळीच्या सुट्टीत तो येईल तेव्हा पहिल्याच दिवशी खुर्चीचं भांडं कसं धुवायचं, घडी कशी बदलायची आणि घड्याळ कसं लावायचं, ते त्याला मी स्वतः शिकवणार आहे. सुनेवर सोडून चालणार नाही.